घुग्घुसहून लंडनला, सिकलसेलसह

इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर भारतातून जाणाऱ्याला क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मुंबईला जाऊन मी छातीचा एक्स-रे काढला. छाती स्वच्छ निघाली. अंगणात वाळत घातलेली पांढरी ओढणी जिथे संध्याकाळपर्यंत करडी होते, त्या गावची माझी छाती स्वच्छ निघाल्याचं मलाच अप्रूप वाटलं. रक्ताबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला पुष्कळ होतं.

मला सिकलसेल आहे. नुसती वाहक नाही, दवाखान्यात ज्याला ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात तो प्रकार. आई वाहक, बाबा वाहक, आणि दोघांनाही लग्नाआधी त्याचा पत्ता नव्हता. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. माझा भाऊ वाचला, मी सापडले. नेहमीची तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते, माझी दहा ते वीस दिवसांत संपते, म्हणून हिमोग्लोबिन कायम सात-आठच्या घरात. ते एक वेळ चालतं. खरा त्रास वेगळाच. अंगातलं पाणी कमी झालं, गारवा लागला, ताप आला किंवा दम लागेपर्यंत चालणं झालं, की पेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडं दुखू लागतात. डॉक्टर त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, कित्येकदा तापही नाही. शाळेत बाई म्हणायच्या, परीक्षा आली की हिचे पाय दुखतात. खरंच दुखायचे, कारण परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असायच्या, आणि चंद्रपूरचा उन्हाळा माणसातलं पाणी कसा शोषून घेतो हे इकडच्यांना सांगायला नको.

घुग्घुसला कधी न आलेल्यांसाठी दोन ओळी. चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठी, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना आणि लोखंडाचा कारखाना यांच्या मधोमध बसलेलं हे गाव. जवळच वढ्याला वर्धा आणि पैनगंगेचा संगम आहे, कार्तिकात तिथे जत्रा भरते. जमिनीखाली जुन्या खाणींची पोकळी आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं, तेव्हा टीव्हीवाले आले आणि महाराष्ट्राला आमचं नाव कळलं. बाबा वेकोलित होते. बेताच्या पगाराचं, पण नागपूरच्या मेडिकलला तपासणीसाठी नेऊ शकणारं आमचं घर. माझ्या आजाराला नाव मिळालं ते तिथे, मी चौथीत असताना. त्याआधी त्याला वात म्हणत, अशक्तपणा म्हणत, आणि शेजारपाजारचे आणखी काहीबाही म्हणत.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राचं सामाजिक न्याय खातं अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना देतं. फी, राहण्याचा खर्च, विमानाचं भाडं, सगळं त्यात येतं. २०१६ मध्ये ती मला मिळाली. विषय शहर नियोजन, शहर लंडन. घरात आनंद झाला आणि लगेच भीती. आई म्हणाली, “तिकडच्या थंडीत तुयं कसं होईन वो? इथं श्रावणात भिजली त रातभर झोपत नाही तू.” बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “जाऊ दे तिले. इथं काय दुखत नाही का?”

नागपूरच्या डॉक्टरांनी जी तयारी करून घेतली ती सविस्तर लिहिते, कारण कुणाच्या तरी कामी येईल. प्रवासी विमान पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर उडतं, पण आतला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. म्हणजे मुंबई-लंडन हे नऊ-साडेनऊ तास मी महाबळेश्वरपेक्षाही उंच जागी बसून काढणार होते, तेही कोरड्या हवेत. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही. सिकलसेलवाल्याचं रक्त जाण्याआधी तपासावं, हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर प्रवास पुढे ढकलावा, आणि लागला तर प्राणवायू मिळावा म्हणून विमान कंपनीला आधी कळवावं. जागा मधल्या वाटेला लागून घ्यावी, म्हणजे उठून फेऱ्या मारता येतात आणि सारखं लघवीला जाताना कुणाची माफी मागावी लागत नाही. पाणी मात्र मागत राहावं. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिड हातातल्या पिशवीत. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१४ पासून ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधांत मोडतं, म्हणून डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. त्यात आजाराचं नाव, औषधांची मूळ नावं आणि मात्रा टाइप केलेली. आपल्याकडचं हाताने लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन आपल्याच औषधवाल्याला जेमतेम वाचता येतं.

चंद्रपूरहून मुंबईला आम्ही बल्लारशाहून निघणाऱ्या त्या डब्यांतून गेलो, जे वर्ध्याला सेवाग्राम एक्स्प्रेसला जोडत. खरं सांगायचं तर विमानापेक्षा या गाडीत मला जास्त त्रास झाला. रात्रभर खिडकीची फट बंद होत नव्हती.

हिथ्रोला उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. लंडनची थंडी आपल्या नागझिऱ्याच्या किंवा मेळघाटच्या थंडीसारखी बोचत नाही, ती ओलसर असते आणि कपड्यांच्या आतून येते असं वाटतं. पाच अंशांवर, वारा सुटलेला आणि रिमझिम पाऊस, अशा हवेत बसथांब्यावर पंधरा मिनिटं उभं राहणं हा माझ्यासाठी खरा धोका. मी लवकरच शिकले की जाड कोट एक घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर घालावेत, आणि मोजे ओले झाले की शौचालयात जाऊन लगेच बदलावेत. विद्यापीठाच्या पिशवीत पुस्तकांबरोबर मोज्यांचा एक जोड असायचाच. नळाचं पाणी तिथे थेट पिता येतं, फक्त ते इतकं जड असतं की किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. हे फुकट पाणी माझ्यासाठी मोठी सोय होती. चंद्रपूर-मूल एसटीत शौचालयाच्या भीतीने पाणी न पिता बसणारी मुलगी मी. लंडनमध्ये पहिल्यांदा बाहेर पडून पोटभर पाणी प्यायले.

शहर नियोजनाच्या विद्यार्थ्याने लंडन पायी पाहावं असं आमचे शिक्षक सांगत. मी लंडन पाहिलं ते लिफ्टच्या नकाशावरून. भुयारी रेल्वेचा एक वेगळा नकाशा मिळतो, त्यात पायऱ्या न चढता कुठे जाता येतं ते दाखवलेलं असतं. व्हिक्टोरियाकाळी आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खणलेल्या खोल स्थानकांत अशा जागा थोड्याच. कॉव्हेंट गार्डनला गोल जिन्याच्या एकशेत्र्याण्णव पायऱ्या आहेत, म्हणजे पंधरा मजल्यांची इमारत. तिथे सूचनाच लावलेली आहे की गरज नसेल तर हा जिना वापरू नका. वर्गातल्या मुलांनी एकदा गंमत म्हणून तो चढायचा ठरवला. मी लिफ्टने वर गेले आणि त्यांची वाट पाहत कॉफी प्यायले. वीस-बावीसची पोरं धापा टाकत वर आली तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पहिला मोठा क्रायसिस नोव्हेंबरात आला. मांड्यांपासून सुरू होऊन कंबरेपर्यंत. रात्री एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचले. सिकलसेलचा रुग्ण वेदना घेऊन आला तर अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावं, अशी तिथल्या आरोग्यव्यवस्थेची २०१२ पासूनची लेखी मार्गदर्शिका आहे. मला त्याहून बराच जास्त वेळ लागला. आधी आजाराचं नाव ऐकून भुवया उंचावल्या, कारण मी भारतीय. मग मॉर्फिनचं नाव मीच घेतलं म्हणून पुन्हा उंचावल्या. शून्य ते दहांत किती दुखतंय, असं विचारल्यावर मी सात म्हणाले. आमच्याकडे बाईमाणसाने दुखणं निम्मंच सांगायचं असतं. सकाळी वॉर्डात शेजारच्या खाटेवर लागोसहून आलेली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई होती. तिने मला झापलंच. नऊ असेल तर नऊ म्हण, म्हणाली. तू सात म्हणतेस आणि वर हसतेस, मग ते तुला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतील.

तिला माझ्याहून जास्त कुतूहल होतं. भारतात सिकलसेल? तिने कधी ऐकलं नव्हतं. जगात सर्वांत जास्त रुग्ण तिच्या देशात, नायजेरियात, आहेत. लंडनमध्ये हा आजार काळ्या लोकांचा समजला जातो, आणि काळ्या रुग्णाने वेदनेची तक्रार केली की हा नशेसाठी औषध मागतोय असा संशय यायला वेळ लागत नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या खासदारांच्या एका सर्वपक्षीय गटाने याच विषयावर अहवाल काढला आणि वर्षानुवर्षं रुग्ण जे सांगत होते ते लिहून ठेवलं. मी तेव्हा घुग्घुसला परतले होते. वाचताना शाळेतल्या बाई आठवल्या. सिकलसेलवाल्याला देश कोणताही असो, आधी आपलं दुखणं सिद्ध करावं लागतं आणि मग औषध मिळतं.

त्या बाईने विचारलं, तुमच्याकडे जंगल आहे का, डास आहेत का? मी म्हटलं, गडचिरोलीच्या हिवतापाबद्दल किती वेळ ऐकायचंय बोला. तिला आणि मला एका वॉर्डात आणणारा दुवा तोच. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी अंदाज मांडला होता की थॅलेसेमियासारखे रक्ताचे दोष हिवतापाच्या प्रदेशातच टिकून राहिले, कारण ते थोड्या प्रमाणात असले तर हिवतापापासून वाचवतात. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत फिरून १९५४ मध्ये सिकलसेलबाबत ते दाखवून दिलं. वाहक मुलं जीवघेण्या हिवतापातून जास्त संख्येने वाचतात. म्हणजे आई-बाबांकडे एकेक जनुक होतं ते त्यांच्या पूर्वजांना जंगलाने दिलेलं संरक्षण, आणि माझ्याकडे दोन आली तर आजार. हॉल्डेन शिकवायचे ते गावर स्ट्रीटवरचं कॉलेज माझ्या वर्गापासून चालत पाच मिनिटांवर होतं. पुढे १९५७ मध्ये ते भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्याच काळात, १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तेव्हा माझी आजी नुकतीच लग्न होऊन घुग्घुसला आली होती. ती वाहक होती की आजोबा, ते आता कळायला मार्ग नाही.

एका रविवारी केंब्रिजला गेले. लोक नदीत नावा वल्हवायला जातात. मी फ्री स्कूल लेनमध्ये जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा पाहायला गेले. इथे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं की सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीत एका जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन असतं. बस्स, एवढाच फरक. गल्ली अरुंद आहे, सायकली लावलेल्या असतात, भिंतीवरच्या पाट्या दुसऱ्याच शोधांच्या. मी थोडा वेळ उभी राहिले आणि थंडी वाजायला लागली म्हणून चहाच्या दुकानात शिरले.

विल्सडनला जाणं मात्र मुद्दाम ठरवलेलं होतं. उत्तर-पश्चिम लंडनच्या ब्रेंट भागात १९७९ मध्ये एलिझाबेथ अनियोन्वू यांनी ब्रिटनमधलं पहिलं सिकलसेल-थॅलेसेमिया समुपदेशन केंद्र सुरू केलं. आई आयरिश वंशाची, वडील नायजेरियन, स्वतः परिचारिका. तेव्हा वाहक असल्याचं लोकांना बाळ आजारी पडल्यावर कळायचं. आमच्याकडे आजही अनेक घरांत तसंच आहे. आता इंग्लंडमध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते, २००६ पासून देशभर. मला चौथीत कळलेली गोष्ट तिथल्या आईला काही आठवड्यांत कळते, आणि बाळाला पेनिसिलिन वेळेवर सुरू होतं. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून साधा न्यूमोनियासुद्धा जीव घेऊ शकतो. हे पेनिसिलिन किती मुलांना वाचवतं त्याचा हिशेब मांडत मी बसने परत आले.

सगळंच तिथे चांगलं होतं असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे पैसे भरावे लागतात, २०१६ मध्ये आठ पौंड चाळीस पेन्स. काही दीर्घ आजारांना ते माफ आहेत, मधुमेहाला आहेत. सिकलसेलला नाहीत, कारण माफीची यादी १९६८ मध्ये ठरली आणि तेव्हा या आजाराची मुलं मोठी होतील असं कुणी धरलंच नव्हतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये औषधं सगळ्यांनाच फुकट. वर्षाचा एकरकमी पास काढला तर स्वस्त पडतं, हे मला त्या लागोसवालीने सांगितलं.

वॉल्टर क्लेमंट नोएलची गोष्ट मला हिमॅटॉलॉजीच्या डॉक्टरांनी सांगितली, आणि नंतर मी ती शोधून शोधून वाचली. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचा सधन घरातला काळा मुलगा, वय वीस. दंतवैद्यक शिकायला १९०४ च्या सप्टेंबरात बोटीने न्यूयॉर्कला उतरला. प्रवासातच घोट्यावर व्रण झाला होता. शिकागोला पोहोचला आणि डिसेंबरात खोकला-तापाने रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी विळ्यासारख्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. वैद्यकाच्या पाश्चात्त्य इतिहासात सिकलसेलची ती पहिली नोंद. निबंधात नोएलचं नाव नाही. तोवर तो शिक्षण पुरं करून, १९०७ मध्येच, घरी परतला होता आणि सेंट जॉर्जेस गावात दात काढत होता. आपल्या रक्तावरून एका आजाराला नाव मिळालं हे त्याला कधी कळलं की नाही, कोण जाणे. १९१६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. मला त्याच्या आजाराहून त्या अडीच-तीन वर्षांचं नवल वाटतं. शिकागोचे हिवाळे, सतत रुग्णालय, आणि तरी पदवी घेऊन बोटीत बसला.

प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केलं. माझ्यासारख्या शिष्यवृत्तीवाल्याची तिथे एक फेरी होतेच. इतर मुलं बाबासाहेबांच्या अभ्यासाबद्दल बोलत होती. माझ्या डोक्यात आजीचं एक वाक्य होतं. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेला ती माहेरच्या माणसांबरोबर गेली होती, पोरसवदा वयात. तिला बाकी काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच: “लई थकले होते वो, धरून धरून आणलं.” मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ते पार खंगले होते. तरी पुढच्याच महिन्यात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले, आणि ६ डिसेंबरला गेले. आमच्या समाजात त्यांच्या अभ्यासाच्या गोष्टी लहान मुलालाही पाठ असतात. आजारी शरीर घेऊन त्यांनी केलेल्या शेवटच्या प्रवासांवर मी तरी फारसं काही वाचलेलं नाही.

लंडनहून परत आल्यावर वर्षभराने गडचिरोलीत चातगावजवळ शोधग्रामला जाणं झालं. डॉ. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून शिकून आले आणि १९८६ पासून त्यांनी या जिल्ह्यात काम उभं केलं. त्यांनी सुरुवातीलाच इथल्या आदिवासींमधलं सिकलसेल शोधून काढलं होतं, पण लोकांना विचारल्यावर ते त्यांच्या दुखण्यांच्या यादीत आलंच नाही, डॉ. बंग स्वतः हे मोकळेपणाने सांगतात. ज्याला उपाय नाही आणि जे दिसत नाही, त्याला लोक आजार तरी का म्हणतील? आता चित्र बदलतंय. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आलं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून केंद्राचं निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चं लक्ष्य घेऊन. ब्रिटनमध्ये तर जनुकांत दुरुस्ती करणारा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात मंजूर झाला. किंमत एका रुग्णाला सोळा लाख पौंडांच्या वर. घुग्घुसमध्ये मात्र अजून लग्नाआधी पत्रिका जुळवतात आणि रक्ताचा कागद मागितला की मुलीवाल्यांचा अपमान होतो.

माझं डाव्या खुब्याचं हाड आता झिजलंय, त्यामुळे लांबचे प्रवास बंदच आहेत. पण फोन येतात. परवा सिरोंच्याहून एका मुलाचा आला. त्याला जर्मनीत जागा मिळालीय, घरचे नको म्हणतात. थंडीचं विचारत होता. मी म्हटलं, थंडीचं बघता येईल. ज्या शहरात जातोस तिथल्या रुग्णालयात सिकलसेलचा स्वतंत्र दवाखाना आहे का ते आधी विचार, असेल तर जाण्याआधीच त्यांना ईमेल कर, नागपूरचे रिपोर्ट इंग्रजीत जोडून. आणि दुखण्याचा आकडा विचारतील तेव्हा खरा सांग. तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, “ताई, आकडा कसा ठरवायचा?” त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.